एकोणीस, अठरा, एकोणीस

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊला आमच्या संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर चार चिप मेलेल्या सापडल्या आणि पावणेदहाला मला बोलावणं आलं.

मी इथली भांडारप्रमुख. सव्वीस वर्षं झाली. टाचणीपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत जे काही या इमारतीत येतं ते माझ्या सहीनं येतं, आणि काही हरवलं, फुटलं, पाय फुटून गेलं की चौकशीही माझ्याच गळ्यात पडते. लोक मला पाठीमागे 'फौजदारीण' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. त्या शुक्रवारी मी जी चौकशी केली ती माझ्या हातून झालेली सगळ्यात चोख चौकशी, आणि ती झाली नसती तर बरं झालं असतं असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

तीन जिने चढून गेले तर दम लागला. हल्ली लागतोच. दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं, गॅस धरतो. धाकटी सहा महिने मागे लागली होती डॉक्टरकडे चल म्हणून. मी म्हणायचे, तुझी बडबड थांबव, माझा गॅस आपोआप उतरेल. ही धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, घरात चिंगी. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि याच तिसऱ्या मजल्यावर कामाला. आम्ही दोघी एका घरात राहतो, एकत्र येतो, दुपारी एकत्र जेवतो आणि सकाळी फाटकापासून भांडारापर्यंत माझी पिशवी कुणी उचलायची यावरून रोज भांडतो. त्या आठवड्यात मात्र सोमवार ते बुधवार ती जेवायला खाली आलीच नाही, काम संपत नाही म्हणाली. गुरुवारी आली ती मुकाट्यानं जेवली. मी मुद्दाम तिच्या डब्याला नावं ठेवली, तरी भांडली नाही. मला वाटलं, सुधारली बया.

संचालक खिडकीपाशी उभे होते. त्यांनी बसा म्हणायच्या आधीच मी बसले.

चिप म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नखाएवढा तुकडा. त्यावर सोन्याच्या दोन पट्ट्या, आणि पट्ट्यांच्या मधे कार्बनच्या नळ्यांची जाळी. नळ्या अशा बारीक की त्यांच्यापुढे आपला केस म्हणजे गावाला पाणी पुरवणारा पाइप. त्या नळ्यांवर एका अँटिबॉडीचा लेप द्यायचा. ही अँटिबॉडी रक्तातलं एकच प्रथिन ओळखते, त्याला घट्ट धरते आणि सोडत नाही. प्रथिन चिकटलं की नळ्यांतून वाहणारी वीज कमी होते. किती कमी झाली ते मोजायचं, बस्स. बायकांच्या बीजकोशात कर्करोग धरला की हे प्रथिन रक्तात वाढतं, गाठ कुणाच्या हाताला लागायच्या कितीतरी आधी. एक चिप एकदाच चालते. शिवाय दर पाच नमुन्यांमागे लेप न दिलेली एक कोरी चिपही त्यातल्याच एका रक्तात बुडवून बघायची. कोरीवर काहीच घडलं नाही, तरच लेपाच्या चिपेचं खरं मानायचं.

सोमवारी बाहेरची समिती येणार होती. रक्ताचे वीस नमुने, बंद बाटल्यांत. कोण आजारी, कोण धडधाकट, ते फक्त समितीला ठाऊक. लेपाच्या वीस चिप आणि कोऱ्या चार, एवढ्याच तयार होत्या. जादा एकही नाही. त्यातल्या लेपाच्या तीन आणि कोरी एक आता बाद. नवा घाणा काढायला दोन महिने, आणि प्रकल्पाची मुदत याच महिन्याची.

"प्रकल्पाचे सर म्हणतात, संशोधक मुलीचंच काम," संचालक म्हणाले. "तिला तारीख पुढे ढकलून हवी होती. पाच वाजेपर्यंत दुसरं कुणी निघालं नाही तर तिला काढावं लागेल. तिच्या पदवीचंही मग अवघडच."

चिपांच्या फ्रिजला कार्ड लागतं. कार्डं तिघांकडे: संशोधक मुलगी, मोजमाप करणारे मीटरवाले आणि लेप देणारी माझी बहीण. मी सरळ म्हटलं, त्यात माझी बहीण आहे, दुसऱ्या कुणाला तरी नेमा. ते म्हणाले, म्हणूनच तुम्ही. लेपखोलीत बिस्किट खाल्लं म्हणून सख्ख्या बहिणीला लेखी समज देणारी बाई आख्ख्या इमारतीत एकच आहे.

मी वहीत तीन ओळी आखल्या. धाकटीची सगळ्यात वर घेतली, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको.

२

आधी सरांना गाठलं. प्रकल्प त्यांचा, डोकं त्यांचं, पण हात म्हणाल तर आनंद. स्वतःचं कार्ड त्यांनी इतक्यांदा हरवलं की फ्रिजचं कार्ड त्यांना मी द्यायचंच बंद केलं. ते सारखे येरझाऱ्या घालत होते. सहा वर्षं, सहा वर्षं, एवढंच म्हणत होते. मुलीवर संशय का, असं विचारलं तर म्हणाले, मागच्या आठवड्यात ती रडत आली होती, महिनाभर थांबूया म्हणाली, कारण सांगेना. मी लिहून घेतलं.

मग मीटरवाले. हा माणूस विजेच्या मोजमापातला बाप. बोलणं कमी, चहा फार. यांना दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलंय आणि प्रकल्प बुडाला तर यांचा पाय मोकळा होईल, अशी कुजबुज होती. मी तेही तोंडावर विचारलं. त्यांनी खिशातून कागद काढून पुढे ठेवला. कंपनीला नकार कळवलेला, पंधरा दिवसांपूर्वीच.

"पण बाई, या चिप कुणी बिघडवलेल्या नाहीत," ते म्हणाले. "या वापरलेल्या आहेत."

मी म्हटलं, फरक काय?

फरक असा. चिप तयार झाली की तिची सुरुवातीची वीज मोजून नोंदवून ठेवतात. लेप वाळला, कुणी ऊन दाखवलं, काही ओतलं, तर वीज वाट्टेल तिकडे जाते, एकीची वर, एकीची खाली. या तिघींची एकाच दिशेनं आणि जवळजवळ सारखीच उतरली होती. पहिली एकोणीस टक्के, दुसरी अठरा, तिसरी पुन्हा एकोणीस. आणि कोरी जागची हललेली नाही. म्हणजे चौघींनाही एकच रक्त दाखवलंय, तेही नीट पातळ करून. जसंच्या तसं रक्त घातलं तर क्षारांच्या गलबल्यात चिपेला काही ऐकूच येत नाही. करणाऱ्याला काम येत होतं.

"निरोगी बाईच्या रक्तात किती उतरते?" मी विचारलं.

"दोन. फार तर तीन." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "ज्या कुणाचं रक्त आहे, तिचं काही खरं नाही."

मी म्हटलं, ते आपल्याला काय करायचंय, आपण चोर बघू. आणि वहीत लिहिलं: एकोणीस, अठरा, एकोणीस. अक्षर चांगलं आलंय. आजही ते पान आहे माझ्याकडे.

३

माझ्या पर्समध्ये एक भिंग असतं. पुरवठादार खोट्याचं खरं करून देतात, म्हणून ठेवावं लागतं. ते लावून चारही चिप पाहिल्या. मोजताना सोन्याच्या पट्टीवर दोन सुया टेकवतात आणि टेकल्या जागी टाचणीच्या टोकाएवढा डाग उमटतो. इतर वीस चिपांवर एकेकच जोडी होती, तयार झाल्यावरच्या मोजणीची. या चौघींवर दोन दोन. शुक्रवार सकाळची तपासणी धरून तिसरी असायला हवी होती, म्हणून मी डोळे ताणले, तर मीटरवाले म्हणाले, मुलीनं सकाळी पहिल्या डागावरच सुया टेकवल्या, ती तशी नेमकी आहे.

म्हणजे कोरी चिपसुद्धा मोजली होती. इथे मी थांबले. प्रकल्प बुडवायचा असता तर कोरीला हात लावायचं कारण काय? लेपाच्या तीन फोडल्या की काम झालं. कोरी चिप तोच बुडवतो ज्याला उत्तराची खात्री करून घ्यायची असते. हा चोर नुकसान करायला आला नव्हता. त्याला एक प्रश्न पडला होता आणि त्याचं खरं उत्तर हवं होतं.

संगणकातल्या नोंदी पुसलेल्या होत्या. पण एक गोष्ट पुसता येत नाही आणि ती फक्त मला ठाऊक असते, कारण सुया मी देते. पाचशे वेळा टेकल्या की सुया बदलाव्या लागतात, म्हणून यंत्र आपल्या पोटात प्रत्येक टेकणी तारीख-वेळेसकट मोजून ठेवतं. मागचं झाकण उघडून छोट्या पडद्यावरचे आकडे उतरवून घेतले आणि कामाच्या नोंदवहीशी ताडून पाहिले. चार टेकण्या जास्तीच्या. सोमवारी दोन, लेपाची आणि कोरी. मंगळवारी एक. बुधवारी एक. वेळ रोजची एक ते दीड, खोली जेवायच्या सुट्टीत रिकामी असते तेव्हाची.

सोमवारी उत्तर मिळालं होतं. मग मंगळवारी पुन्हा तेच रक्त का? आणि बुधवारी पुन्हा?

मग लेपखोलीत गेले. धाकटी हातमोजे चढवून बसली होती, समोर बर्फाची बादली. डोळे सुजल्यासारखे दिसले. मी विचारलं तर म्हणाली, झोप झाली नाही. नेहमी मी दारात दिसले की हिचं पहिलं वाक्य बर्फाचं असायचं. मजल्यावरचं बर्फाचं यंत्र पंधरा दिवस बंद होतं, दुरुस्तीचा कागद एका सहीसाठी माझ्याच टेबलावर अडलेला, आणि हिला रोज तळमजल्यावरच्या आरोग्यखोलीतून बर्फ वाहावा लागत होता. त्या दिवशी तिनं बर्फाचं नावही काढलं नाही.

कार्ड आहे, म्हणाली. फ्रिज रोज उघडते, म्हणाली. मी जे विचारलं त्याचं सरळ उत्तर दिलं. ज्यासाठी आले होते तोच एक प्रश्न तिला विचारायचा राहिला, की दुपारी एक ते दीड तू कुठं होतीस. मला ठाऊकच होतं ना ती कुठं होती. कामात होती. तिनंच सांगितलं होतं.

निघताना ती म्हणाली, "ताई, सापडेल ना तुला?"

"माझ्या हातून कोण सुटलंय आजवर?" मी म्हटलं.

"कुणीच नाही," ती म्हणाली आणि पुन्हा बादलीत बघायला लागली.

४

संशोधक मुलगी सामानाच्या खोलीत खोक्यावर बसली होती. सव्वीस-सत्तावीसची पोर. मजल्यावर तिला 'खार' म्हणतात, कारण प्रत्येक चिप मोजून मोजून साठवते. रडून झालं होतं आणि आता ती नुसतीच बसली होती, ते मला जास्त वाईट वाटलं.

मी आडवळण घेत नाही. तिला महिनाभर थांबायचं होतं का, हे विचारलं. हो म्हणाली. कारण विचारलं तर खोक्याची पट्टी सोलत बसली. मी म्हटलं, अगं, पाचला तुला घरी पाठवणार आहेत, आता कुणापासून झाकतेस? तेव्हा बोलली. तिची आई हॉस्पिटलमध्ये आहे. पोटात गाठ. तोच आजार. शस्त्रक्रिया सोमवारीच आहे, समितीच्याच दिवशी. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी तिला रजा दिली असती आणि चाचणी दुसऱ्याकडे सोपवली असती. तिला दोन्ही हवं होतं.

माझ्या डोक्यात सगळं झटकन जुळलं. आई आजारी, रक्त आईचं, हात शिकलेला, कार्ड जवळ. पाचाच्या आत प्रकरण मिटलं असं वाटलं आणि त्याचा आनंद झाला नाही, हेही सांगते. मी हळूच म्हटलं, "आईचं रक्त तपासलंस ना गं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला ओशाळल्यासारखं झालं.

"कशाला तपासू? हॉस्पिटलनं तपासलंय. उत्तर मला माहीत आहे. माहीत असलेल्या उत्तरासाठी मी तीन चिप जाळेन? जी चिप माझ्या आईसारख्या बाईला चार महिने आधी सांगणार आहे, ती?"

खरं होतं. ज्याला उत्तर माहीत आहे तो प्रश्न विचारत नाही. मी ओळीवर काट मारली. उठता उठता ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आणि मी असते तर चिप परत डब्यात ठेवल्याच नसत्या. वापरलेल्या चिपेवर आम्ही हिऱ्याच्या पेननं फुली मारतो आणि लाल डब्यात टाकतो. मी, मीटरवाले, दोघंही. हाताची सवयच आहे. या मात्र आपापल्या खणात होत्या. वर प्रत्येकीवर पाण्याचा थेंब आणि झाकणी. म्हणून तर सकाळी मोजेपर्यंत मला काही कळलं नाही. मेलेल्या चिपेला कोण ओलं ठेवतं, बाई?"

मी दाराची मूठ धरून उभी राहिले.

लेप वाळला तर अँटिबॉडी मरते. म्हणून लेप देणारं माणूस चिप हातावेगळी करताना तिच्यावर खारट पाण्याचा थेंब ठेवतं आणि वर झाकणी घालतं. विचार न करता, झोपेतसुद्धा. मोजणाऱ्यांना ही सवय नसते, त्यांच्या हातात चिप येते ती संपायलाच. मेलेल्या चिपेलाही ओलं ठेवणारे हात या इमारतीत दोनच होते, आणि ते रोज सकाळी माझी पिशवी ओढायचे.

५

मी जिन्यात बसले. सव्वीस वर्षांत मी या जिन्यात कधी बसले नव्हते.

ती का करेल? पैसा नाही, वैर नाही. प्रकल्पावर तिचा जीव. आमची आई याच आजारानं गेली. तेव्हा मी सव्वीस आणि ही चौदा. पुढे मीच हिला वाढवलं. ही शाळेतून येऊन आईचे पाय दाबत बसायची आणि आई म्हणायची, काही नाही गं, गॅस आहे. लेपाच्या कामाची जाहिरात निघाली तेव्हा चिंगीनं चांगली नोकरी सोडून हा अर्ज भरला होता, अर्ध्या पगारावर. तेव्हा मी तिला येडी म्हटलं होतं.

मग रक्त कुणाचं? समितीच्या बाटल्या अजून आलेल्याच नव्हत्या. सरावाचे नमुने मी स्वतः मोजले, सगळ्यांची सीलं शाबूत. या इमारतीत माणसाचं रक्त आणखी एकाच ठिकाणी असतं. तळमजल्यावर. जिथून ती रोज बर्फ आणत होती.

मागच्या आठवड्यात सगळ्या कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी झाली होती. एक्केचाळीस जण रांगेत उभे राहून रक्त देऊन आले. आरोग्यखोलीतल्या परिचारिका बाई जुन्या ओळखीच्या. त्यांनी सांगितलं, प्रत्येकाचं एवढंसं रक्त उरतं ते सात दिवस फ्रिजमध्ये ठेवतात आणि मग टाकतात. कालच टाकलं. रक्ताच्या नळ्या चाळीस निघाल्या. एक कमी कशी, म्हणून त्या दोनदा मोजत बसल्या आणि मग आपलीच चूक समजून गप्प राहिल्या. कुठला नंबर नव्हता ते मात्र त्यांनी टिपून ठेवलं होतं. एकोणतीस.

"एकोणतीस म्हणजे कोण?" मी विचारलं.

नावं त्यांच्याकडे नसतात. नंबराची चिठ्ठी ज्याची त्याच्याकडे, ती दाखवून अहवाल न्यायचा.

म्हणजे चिंगीनं स्वतःचंच रक्त तपासलं. सुजलेले डोळे, न भांडणं, सगळं त्याच्यासाठीच. रांगेत ती माझ्या पाठीमागे उभी होती. माझा नंबर अठ्ठावीस निघाला तर एकोणतीस तिचा. माझी चिठ्ठी पर्समध्येच पडून होती, कारण अहवाल आणायला मी गेलेच नव्हते, चालढकल करत राहिले होते. मी पर्स उपडी केली. भिंग, किल्ल्या, पाचकाच्या गोळ्या. चिठ्ठी चौकोनी घडी होऊन तळाशी गेली होती. देवाची शपथ, ती उलगडताना मी मनात म्हणत होते, अठ्ठावीस नको, दुसरं काही पण असू दे.

चिठ्ठीवर एकोणतीस होतं.

आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला हुश्श वाटलं. चिंगीचं नाही, एवढंच कळलं. बाकीचं कळायला जिना चढावा लागला.

६

लेपखोलीत ती उभ्यानं काम करत होती. समोर बाद केलेल्या चिपांचा ढीग, जुन्या घाण्यांतल्या, आणि त्यातून ती एकेक चिमट्यानं उचलून बघत होती. गुरुवारपासून त्या ढिगातून तीन चांगल्या शोधत होती. दोन मिळाल्या होत्या.

"तिसरी मिळत नाहीये, ताई," ती म्हणाली. माझ्या हातातली चिठ्ठी तिनं पाहिली आणि चिमटा खाली ठेवला.

मी दार लावून घेतलं. मला रागवायचं होतं. माझ्या परवानगीशिवाय माझं रक्त, संस्थेच्या परवानगीशिवाय चिप, आणि खाली ती पोर तुझ्यापायी खोक्यावर बसून रडतेय, असं सगळं मी ओळीनं बोललेसुद्धा. ती ऐकत राहिली. मुलीवर आळ येईल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं; आज सकाळी कळल्यापासून पाचची वाट बघत होती, तोवर मी आले नाही तर स्वतःच खाली जाणार होती.

मग तिनं सांगितलं. सहा महिने तू डॉक्टरकडे येईनास. पोट फुगतंय, खाणं कमी झालंय, कपडे सैल होतायत. आईचं असंच सुरू झालं होतं, तुला आठवत नाही, मला आठवतं, कारण तू कामावर असायचीस आणि घरी मी असायचे. वार्षिक तपासणीत ही चाचणी नसते. सोमवारी बर्फ आणायला गेले तर नळी समोरच होती; रांगेत तू माझ्या पुढे, माझा नंबर तीस, म्हणजे तुझा एकोणतीस. मला फक्त नाही हे ऐकायचं होतं, ताई. दोन टक्के आले असते तर मी त्या दोन चिपांसाठी स्वतःच जाऊन राजीनामा दिला असता.

"पहिल्यांदा एकोणीस आले," ती म्हणाली. "म्हटलं, चिप खराब असेल. दुसरी लावली."

"अठरा," मी म्हटलं.

"म्हटलं, माझा लेप चुकला असेल. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, देवा, माझा लेप चुकलेला असू दे. मग तिसरी लावली."

तिसरीचा आकडा माझ्या वहीत होता. स्वतःचं रक्त असतं तर ती पहिल्याच उत्तराला डॉक्टरकडे गेली असती. तीनदा विचारतो तो, ज्याला ते उत्तर घरी जाऊन दुसऱ्या कुणाला सांगायचं असतं.

एकच कोडं उरलं होतं, ते मी विचारलं. लाल डबा हाताशी असताना वापरलेल्या चिप परत खणात का ठेवल्यास? टाकल्या असत्यास तर चिप हरवल्या एवढंच कळलं असतं, त्यांच्यावरचा आकडा कुणी वाचला नसता.

तिनं हातमोजे काढले. हात बर्फानं लाल झाले होते.

"नोंदी भीतीनं पुसल्या. थेंब सवयीनं पडला. पण खणात मुद्दाम ठेवल्या. तीन दिवस तुझ्यासमोर ताट घेऊन बसायची हिंमत नव्हती, आणि चौथ्या दिवशी बसले तर तोंडातून शब्द फुटेना. म्हटलं, चौकशी तुझ्याकडेच येईल. तू शोधून काढशील. माझ्या तोंडानं सांगावं लागणार नाही. तू मला कधी सोडलंयस का?"

मग ती रडली. चौदा वर्षांची असताना रडली होती तशीच, आवाज न करता, खांदे हलवत. मी तिला जवळ घेतलं. मी रडले नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहा.

पाचला दहा कमी असताना आम्ही दोघी भांडारात येऊन बसलो. चौकशीचा छापील नमुना मीच पूर्वी बनवलेला आहे. दोषी व्यक्ती. मी तिचं पूर्ण नाव लिहिलं. ती शेजारी बसून बघत होती. म्हणाली, हुद्दा राहिला, तोही लिही. लिहिला. पुढे रकाना होता, अन्य कुणाच्या वस्तूचा विनासंमती वापर. होय. त्याखाली, संबंधित व्यक्तीची तक्रार. तिथं पेन बराच वेळ टेकून राहिलं आणि शाईचा ठिपका मोठा झाला.

नाही, असं लिहिलं आणि सही केली. चौकशी करणारी आणि जिचं रक्त वापरलं ती, दोन्हीकडे माझीच सही आहे हे संचालकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिले.

निघताना धाकटीनं माझी पिशवी उचलली. मी म्हटलं, चिंगे, दे इकडे, मी अजून मेले नाही. वाटलं, आता तरी भांडेल. ती सरळ पुढे चालायला लागली, आणि मी पिशवी तिच्याकडे राहू दिली.

७

नमुना नियमाप्रमाणे वर गेला आणि नियमाप्रमाणे तिची नोकरी गेली. मी तिला वाचवायचा प्रयत्न केला नाही, आणि तिनंही तशी अपेक्षा केली नाही. मुलीवरचा आळ त्याच संध्याकाळी पुसला. सर स्वतः तिच्या आईला बघायला हॉस्पिटलात गेले. समितीनं दोन महिन्यांची मुदत दिली, ती माझ्या अहवालातलं दुसरं पान, चिप कशासाठी वापरल्या गेल्या ते सांगणारं, वाचून, असं नंतर कळलं.

माझ्या बाबतीत हॉस्पिटलनं जे सांगितलं ते चिपेनं आधीच सांगितलं होतं. आईच्यापेक्षा लवकर कळलं म्हणतात. पुरेसं लवकर का, ते अजून कुणी म्हणत नाही. एक शस्त्रक्रिया झाली, औषधं चालू आहेत, केस गेले. पलंगाशेजारी धाकटी दिवसभर बसून असते, कारण तिला आता कुठे जायचं नसतं. पहिला महिनाभर ती माझ्याशी भांडली नाही. मागच्या मंगळवारी मी सूप परत केलं तेव्हा मात्र ताडकन बोलली, आणि मी आख्खा वाडगा संपवला.

काल मुलगी आली होती. चाचणी झाली. वीस बाटल्या, वीस चिप, त्यांतल्या एकोणीस बरोबर. अहवालात एकोणीस म्हणून नोंद झाली आहे. त्याआधी जुन्या घाण्यातल्या आणखी तीन चिप वापरल्या गेल्या होत्या, सोमवार, मंगळवार आणि बुधवारी, दुपारी एक ते दीडच्या दरम्यान. लेप माझ्या बहिणीचा होता. तिन्ही बरोबर होत्या. ही नोंद कुठेच झालेली नाही, म्हणून मी इथे करून ठेवते.